म्वाना म्हणजे लेकरू

पालकहो,

आज तुमच्याशी एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आपल्या मुलखातला नाही, आफ्रिकेतला आहे. तरीही तो तुमच्यापर्यंत पोचवावा असं मला फार दिवसांपासून वाटतंय. मुलांशी घरात कोणत्या भाषेत बोलावं, किती बोलावं आणि त्या बोलण्यानं खरंच काही होतं का, हे तुम्ही नेहमी विचारता. या शब्दाच्या प्रवासात मला त्याचं उत्तर सापडतं.

आफ्रिकेचा नकाशा समोर ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर, गिनीच्या आखाताच्या कोपऱ्यात कॅमेरून आहे. तिथल्या दुआला भाषेत लेकराला ‘मुना’ म्हणतात आणि अनेक लेकरं असली की ‘बाना’. तिथून आत काँगो नदीच्या काठाला या. इथल्या लिंगाला भाषेत ‘म्वाना’ आणि ‘बाना’. पूर्वेला रवांडात ‘उम्वाना’ आणि ‘अबाना’. शेजारच्या युगांडात, लुगांडा भाषेत, ‘ओम्वाना’ आणि ‘अबाना’. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘म्वाना’ आणि ‘वाना’. खाली मलावीत, चिचेवा भाषेत, ‘म्वाना’ आणि ‘आना’. झिंबाब्वेतल्या शोनात ‘म्वाना’ आणि ‘व्हाना’. आणखी दक्षिणेला बोट्स्वाना आणि लेसोथोत ‘ङ्वाना’ आणि ‘बाना’. आणि अगदी खाली, झुलू लोकांच्या मुलखात, ‘उमंट्वाना’ आणि ‘अबंट्वाना’.

कॅमेरूनमधल्या दुआला शहराहून दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपर्यंत सरळ रेघ काढली तरी अंतर चार हजार किलोमीटरहून जास्त भरतं. मध्ये घनदाट जंगलं आहेत, मोठी सरोवरं आहेत, गवताळ पठारं आहेत. एवढ्या सगळ्यातून लेकरासाठीचा शब्द ओळखू येईल इतका तोच राहिला. आपल्याकडे बघा. मराठीत आपण ‘मूल’ म्हणतो, कोकणीत ‘भुरगें’, गुजरातीत ‘छोकरुं’, हिंदीत ‘बच्चा’. या सगळ्या भाषा एकाच कुळातल्या आणि एकमेकींना लागून नांदणाऱ्या. तरी रोज तोंडात असणारा हा शब्द प्रत्येकीनं आपापला निराळा धरला. त्यामुळे तिकडे तो टिकून राहिला, याचं मोल आपल्याला जरा जास्तच कळायला हवं.

या भाषांच्या कुळाला अभ्यासक ‘बांटू’ म्हणतात. विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकानं 1862 साली दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांच्या तुलनात्मक व्याकरणाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि हे नाव अभ्यासात रुळलं. यातला ‘न्टू’ हा अंश माणसासाठी आहे. एक माणूस असेल तर ‘मुंटू’, अनेक असतील तर ‘बांटू’. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारनं हाच शब्द तिथल्या काळ्या लोकांना हिणवायला वापरला. म्हणून तो आता भाषांपुरताच वापरावा, माणसांना लावू नये. ब्लीकनंतर कार्ल माइनहोफ यांनी आणि नंतर माल्कम गथ्री यांनी या भाषांमधले शब्द शेजारी शेजारी मांडून त्यांच्या मूळ रूपांचा शोध घेतला. गथ्री यांचे चार खंड 1967 ते 1971 या काळात बाहेर पडले. लेकरासाठीच्या शब्दाच्या मुळाशी ‘याना’च्या जवळचं एक रूप असावं आणि त्याच्याआधी माणसासाठीचा ‘मु’ हा उपसर्ग लागत असावा, असं या तुलनेतून दिसतं. आज या कुळात सुमारे 500 भाषा धरतात आणि त्या बोलणारी माणसं 30 कोटींहून जास्त आहेत. या सगळ्यांची आजी असलेली भाषा चार-पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या कॅमेरून आणि नायजेरियाच्या सीमाभागात बोलली जात होती.

आता मला तुमच्यापुढे जे ठेवायचं आहे ते इथे आहे. या प्रवासाच्या बहुतेक काळात या भाषांना लिपी नव्हती. पाठ्यपुस्तकं नव्हती, शब्दकोश नव्हते, भाषा टिकवणारी मंडळं नव्हती. माणसं शेतीसाठी नव्या जमिनीच्या शोधात पुढे सरकत गेली, पिढ्या गेल्या, राज्यं झाली आणि मोडली. शब्द पुढे नेणारं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे घर. आईनं लेकराला हाक मारली. ते लेकरू मोठं झालं आणि त्यानं आपल्या लेकराला तीच हाक मारली. दीडशे-दोनशे पिढ्या हे न चुकता घडत राहिलं.

आणि तो शब्द एकटा गेलेला नाही. लेकराला वाढवणं, सांभाळणं यासाठीची क्रियाही त्याच्या सोबतीनं चालत आली. स्वाहिलीत ती ‘लेआ’ आहे आणि तिच्यापासून झालेला ‘मालेझी’ हा शब्द मुलांच्या जडणघडणीसाठी वापरतात. रवांडात ‘कुरेरा’, शोनात ‘कुरेरा’, लुगांडात ‘ओकुलेरा’, चिचेवात ‘कुलेरा’. ‘ल’ आणि ‘र’ची अदलाबदल सोडली तर धातू तोच. म्हणजे लेकरू आणि संगोपन ही जोडी हजारो वर्षं एकमेकांचा हात धरून चालते आहे. मला यात पालकांसाठी फार मोठा दिलासा दिसतो. मुलाला वाढवताना तुम्ही जे रोज बोलता, तेच तुमच्या पश्चात सगळ्यात जास्त काळ टिकणार आहे.

या भाषांचं व्याकरण लेकराकडे कसं बघतं, तेही ऐका. मराठीत नाम पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, यावर बाकीचे शब्द बदलतात. बांटू भाषांमध्ये स्त्री-पुरुष असा भेद व्याकरणात नाही. तिथे नामांचे गट असतात. भाषेप्रमाणे ते दहा-बारापासून वीसपर्यंत भरतात. माणसांचा एक गट, झाडांचा बहुधा निराळा, वस्तूंचा निराळा, लहान रूपांचा निराळा. प्रत्येक गटाचा उपसर्ग ठरलेला असतो आणि तो वाक्यातल्या विशेषणाला, क्रियापदालाही लागतो. स्वाहिलीत ‘लहान मूल खेळतंय’ म्हणायचं तर ‘म्टोटो म्डोगो अनाचेझा’. मुलं अनेक झाली की ‘वाटोटो वाडोगो वानाचेझा’. बदल शब्दांच्या शेवटी होत नाही, सुरुवातीला होतो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आजच्या रोजच्या स्वाहिलीत कुठल्याही लहान मुलाला ‘म्टोटो’ म्हणतात. ‘म्वाना’ हा जुना शब्द कुणाचं तरी लेकरू या नात्यानं येतो आणि जोडशब्दांत येतो.

‘म्वाना’ असो की ‘म्टोटो’, दोन्ही माणसांच्याच गटात बसतात. राजा, शिक्षक, शेतकरी ज्या गटात, त्याच गटात पाळण्यातलं बाळ. आणि ते मुलगा आहे की मुलगी, हे शब्दावरून कळत नाही. ‘तो आला’, ‘ती आली’ असं वेगळं म्हणायची सोयही या भाषांत नाही. मुलगी आहे हे मुद्दाम सांगायचं असेल तर स्वाहिलीत त्याला आणखी एक शब्द जोडतात. यामुळे तिथे मुलींना आपोआप बरोबरीची वागणूक मिळते असं मी म्हणणार नाही. व्याकरणानं समाज बदलत नाही. पण आपल्याकडे ‘मूल’ हा नपुंसकलिंगी शब्द असूनही आपण तो किती लवकर सोडून देतो, याचा विचार करा. बाळ जन्मून तास उलटत नाही तोवर ‘मुलगा की मुलगी’ हा प्रश्न येतो आणि त्या उत्तरावर खेळणी, रंग, शाबासकीचे शब्द, रागावण्याचे शब्द सगळं ठरत जातं. घरातलं बोलणं हजारो वर्षं टिकतं म्हणतो ना, तर त्या बोलण्यातला हा भेदही तितकाच चिवट असतो. तो आपल्याच जिभेवर थांबवता येतो.

झुलूतला ‘उमंट्वाना’ हा शब्द मला यातला सगळ्यात शहाणा वाटतो. तो ‘उमुंटू’, म्हणजे माणूस, आणि ‘आना’ हा प्रत्यय मिळून झाला आहे. हा ‘आना’ म्हणजे तोच जुना लेकराचा शब्द. वापरता वापरता तो झिजला आणि कुठल्याही गोष्टीचं छोटं रूप दाखवणारा प्रत्यय झाला. झुलूत कुत्रा ‘इंजा’, तर छोटा कुत्रा ‘इंजाना’. घर ‘इंडलू’, तर छोटं घर ‘इंडल्वाना’. म्हणजे या भाषेत जे जे छोटं आहे त्याच्या शेवटी एक लेकरू बसलेलं आहे. आणि खुद्द लेकरू म्हणजे छोटा माणूस. आधी माणूस, मग छोटा.

पालकहो, आपण घरात मुलाशी बोलताना हा क्रम पाळतो का? ‘तुला काय कळतंय’, ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’, ‘नंतर सांग, आत्ता काम चालू आहे’, ही वाक्यं आपण दिवसातून किती सहज बोलतो! त्यात छोटेपणा आधी येतो आणि माणूस मागे राहतो. मुलाचं वाक्य अडखळत असतं, शब्द सापडत नसतो, तेव्हा आपण घाईनं तो शब्द पुरवतो, नाहीतर मोबाइलकडे बघत नुसतं ‘हं’ म्हणतो. मुलाला दोन्हींतला अर्थ बरोबर कळतो.

कॅथरिन डेमुथ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी लेसोथोत सेसोथो बोलणाऱ्या लहान मुलांच्या बोलण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मुलं आपल्या रोजच्या माणसांशी, आजीशी, भावंडांशी, सवंगड्यांशी जे बोलत होती ते त्यांनी नोंदवून घेतलं. नामांच्या गटांचं ते अवघड वाटणारं व्याकरण ही मुलं कुणी शिकवल्याशिवाय अडीच-तीन वर्षांपर्यंत बऱ्यापैकी आत्मसात करतात, हे त्यांना दिसलं. सुरुवातीला उपसर्ग गळतो, मग त्याच्या जागी एखादा अर्धवट स्वर येतो, मग पूर्ण उपसर्ग येतो. मोठी माणसं मुलांना ‘असं म्हण’ असं सांगून सांगून बोलतं करतात, याबद्दलही त्यांनी 1986 साली लिहिलं. हे आपल्याला अगदी ओळखीचं आहे. ‘आजीला म्हण, नमस्कार करतो’, ‘काकांना विचार, चहा घेणार का’, असं आपल्या आज्या, मावश्या, आत्या सांगत आल्या आहेत. ते शिष्टाचारासाठी असतं असं आपल्याला वाटतं. पण त्यातून मूल वाक्य शिकतं, नातं शिकतं आणि मोठ्यांच्या बोलण्यात आपल्यालाही जागा आहे हे शिकतं.

स्वाहिलीतला ‘म्वाना’ पुढे काय काय झाला ते ऐकलं की थक्क व्हायला होतं. शिकणारा तो ‘म्वानाफुंझी’, शिक्षणाचं लेकरू. देशाचा नागरिक तो ‘म्वानान्ची’, मातीचं, देशाचं लेकरू. सभासद तो ‘म्वानाचामा’, संघटनेचं लेकरू. वकील ‘म्वानाशेरिया’, कायद्याचं लेकरू. संगीतकार ‘म्वानामुझिकी’. यातला कायद्याचा शब्द अरबीतून आला आहे, संगीताचा इंग्रजीतून, आणि जुना ‘म्वाना’ त्या दोघांनाही आपलं म्हणून पुढे उभा आहे. अंतराळवीराला तर स्वाहिलीत ‘म्वानाआंगा’ म्हणतात, आकाशाचं लेकरू. चार-पाच हजार वर्षांपूर्वी झोपडीत जन्मलेला शब्द अंतराळापर्यंत गेला, कारण तो कधी बोलायचा थांबला नाही. मराठीत अंतराळाचं, संगणकाचं, पैशाच्या व्यवहाराचं बोलता येत नाही असं आपण मुलांसमोर म्हणतो, तेव्हा या शब्दाची आठवण ठेवायला हवी. जी भाषा आपण त्या विषयांसाठी वापरतो, तीच त्या विषयांपर्यंत पोचते.

पूर्व आफ्रिकेत मूल एकट्या आईबापांचं मानत नाहीत. बाजारातली एखादी बाई परक्या पोरालाही ‘म्वानांगू’, म्हणजे माझ्या लेकरा, अशी हाक मारते. आपल्याकडे गावाकडची म्हातारी माणसं अनोळखी पोराला ‘लेकरा’ म्हणतात, तसंच. शोना भाषेत वडिलांचा मोठा भाऊ ‘बाबामुकुरू’, म्हणजे मोठे बाबा, आणि धाकटा भाऊ ‘बाबामुनिनी’, लहान बाबा. स्वाहिलीत आईची मोठी बहीण ‘मामा म्कुब्वा’, मोठी आई. केनिया-टांझानियात एखाद्या बाईला तिच्या लेकराच्या नावानं ‘मामा जुमा’ आणि बाप्याला ‘बाबा जुमा’ म्हणून ओळखतात. युगांडात बुगांडा भागात जुळी झाली की त्यांच्या बापाला ‘स्सालोंगो’ आणि आईला ‘नालोंगो’ ही मानाची नावं कायमची लागतात. मूल जन्मतं आणि मोठ्यांना नवं नाव देतं. एका हातानं लेकरू वाढत नाही, या अर्थाची म्हण स्वाहिलीत आहे. मूल रडेल म्हणून जो भितो तो पुढे स्वतःच रडतो, अशीही एक आहे. दोन्ही म्हणी एकत्र धरायला हव्यात. माया सगळ्यांनी करायची आणि शिस्तही सगळ्यांनीच लावायची.

आपण आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. आजी-आजोबा गावाला, मावशी पुण्यात, काका बंगळुरूत, आत्या अमेरिकेत. माणसं लांब गेली हे खरं, पण त्यांच्याशी मुलांचं बोलणं तुटलं ते आपल्या निष्काळजीपणानं. फोनवर ‘कशी आहेस, जेवलीस का’ एवढ्यावर बोलणं संपतं. मुलाला आजीशी एकट्याला बोलू द्या. आजीला सांगा, तिच्या लहानपणीचं घर, विहीर, शाळा, भांडणं, सण, सगळं सांगू दे. त्या बोलण्यातून येणारे शब्द तुमच्या तोंडी कधीच येणार नाहीत, कारण तुम्ही ते जगलेलाच नाहीत.

हे सगळं सांगताना शाळेच्या माध्यमाचा प्रश्न टाळून चालणार नाही. बांटू भाषा बोलणाऱ्यांनी त्याची झळ फार सोसली आहे.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो 1938 साली लिमुरूजवळ जन्मले आणि 2025 साली वारले. त्यांची मातृभाषा गिकुयू. ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ या 1986 सालच्या पुस्तकात त्यांनी आपलं बालपण सांगितलं आहे. संध्याकाळी चुलीभोवती मोठी माणसं गोष्टी सांगायची, मुलं त्या शेतात काम करताना एकमेकांना पुन्हा सांगायची, आणि हे सगळं गिकुयूतून चालायचं. मग शाळा इंग्रजी झाली. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसायच्या, किंवा त्याच्या गळ्यात त्याला मूर्ख ठरवणारी पाटी अडकवायचे. कोण बोललं हे शोधायला एक बटण मुलांमध्ये फिरवलं जाई. मातृभाषा बोलताना सापडेल त्याच्या हाती ते यायचं, आणि दिवसाअखेर ज्याच्याकडे ते असेल त्याला ते कुणी दिलं हे सांगावं लागायचं. मुलं एकमेकांवर पाळत ठेवायला शिकली. पुढे इंग्रजीत कादंबऱ्या लिहून नाव मिळवल्यावर न्गुगी गिकुयूकडे परतले. 1977 साली गिकुयूतून नाटक केल्यानंतर त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूतली कादंबरी लिहिली आणि ती 1980 साली छापली गेली. शाळेनं जी भाषा त्यांच्या तोंडून काढायचा प्रयत्न केला, ती चुलीपाशी इतकी पक्की बसली होती की तुरुंगातही तीच कामी आली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दक्षिण आफ्रिकेत 1953 साली ‘बांटू एज्युकेशन ॲक्ट’ आला. काळ्या मुलांना वेगळं आणि कमी दर्जाचं शिक्षण द्यायचं, हा त्याचा हेतू. सुरुवातीच्या वर्षांत मातृभाषेतून शिकवायचं, पण ते पुढे जाण्याचे दरवाजे बंद ठेवण्यासाठी. नंतर वरच्या वर्गांत निम्मे विषय आफ्रिकान्स या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकवण्याची सक्ती झाली आणि 16 जून 1976 रोजी सोवेटो या वस्तीतली हजारो शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्यात गेला. 1991 पासून हा दिवस आफ्रिकेत बालकदिन म्हणून पाळला जातो. मुलांच्या तोंडी कोणती भाषा घालायची हे बळानं ठरवायला गेलं की काय होतं, त्याची ही आठवण. आज दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत सांकेतिक भाषेसह 12 अधिकृत भाषा आहेत आणि त्यातल्या 9 बांटू कुळातल्या आहेत.

म्हणून इंग्रजी माध्यमात मुलाला घातलं यासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही. मातृभाषा कुंपण म्हणून वापरली गेली तर पालक तिच्यापासून पळणारच, हे ‘बांटू एज्युकेशन’च्या अनुभवानं दाखवलं आहे. पोराला पुढे जायला वाट मोकळी हवी, ही तुमची काळजी रास्त आहे. पण शाळा कोणतीही निवडलीत तरी घर तुमचं आहे. ते शाळेच्या नावावर लिहून देऊ नका. मुलाला दोन भाषांनी गोंधळायला होईल, ही भीती मनातून काढून टाका. आफ्रिकेत घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणारी मुलं गल्लोगल्ली आहेत.  मुलाचं डोकं त्यासाठी पुरेसं मोठं असतं. कमी पडतो तो आपला वेळ.

घरातल्या हाकेची ही पिढ्यांची साखळी तुटली तर काय होतं, हेही आपल्या अगदी जवळ घडलेलं आहे. पोर्तुगीजांनी मोझांबिककडून माणसं गुलाम करून गोव्याला आणली. त्यांचे वंशज असलेले सिद्दी आज कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागात राहतात. इतर सिद्दी गुजरातेत आहेत. त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांचे पूर्वज मुख्यतः आग्नेय आफ्रिकेतले बांटूभाषक होते असं दिसलं. पण यल्लापूरकडचे सिद्दी घरात कोकणी बोलतात आणि गुजरातेतले गुजराती. गुजरातेतल्या सिद्दींच्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. बांटू भाषांमध्ये ढोलाला ‘न्गोमा’ म्हणतात, तिथून तो शब्द आला. मात्र लेकराला ‘म्वाना’ म्हणून हाक मारणारं त्यांच्यात कुणी राहिलं नाही. ज्यांचे आईबाप वेगळे विकले गेले, ज्यांना स्वतःचं घरच उरलं नाही, त्यांच्याकडून ही हाक हिसकावून घेतली गेली. आपल्यावर तशी कुणी बळजबरी केलेली नाही. आपण मात्र आपणहून, सोय म्हणून, ‘शाळेत विचारतात’ म्हणून, लेकरांशी आपली भाषा बोलणं कमी करत चाललो आहोत.

तेव्हा माझं मागणं थोडंच आहे. घरात मराठी बोला, आणि नुसतं ‘अभ्यास कर, आंघोळ कर, झोप’ एवढंच बोलू नका. हुकमाच्या चार वाक्यांत भाषा जगत नाही. मुलाला कारणं सांगा, त्याची कारणं ऐका. ऑफिसात काय झालं ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. भाजी निवडताना, भांडी लावताना, रस्त्यानं चालताना दिसेल त्याचं नाव घ्या. तुमचा एखादा शब्द अडला तर तो मुलासमोरच आजीला फोन करून विचारा. मुलगी असेल तर तिलाही तेच विषय द्या, मुलगा असेल तर त्यालाही स्वयंपाकघरातले शब्द द्या. मूल इंग्रजीत उत्तर देईल, तर रागावू नका, टोमणाही मारू नका. तुम्ही मराठीतच पुढे बोलत राहा, ते येईल. आणि ते बोलत असताना मध्ये तोडू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, कितीही वेळ लागला तरी.

चार-पाच हजार वर्षं एक शब्द टिकवणारी माणसं विद्वान नव्हती. शेतात राबून थकून आलेले आईबाप होते, आज्या होत्या, थोरली भावंडं होती. त्यांच्याकडेही वेळ नव्हता, काळज्या होत्याच. तरी त्यांनी लेकरांना जवळ घेऊन बोलायचं सोडलं नाही. तुम्हीही थकलेले असता हे मला ठाऊक आहे. म्हणून फार मोठी तयारी करायला सांगत नाही. आज रात्री जेवताना टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवा, आणि पहिला प्रश्न मुलाला विचारू द्या.